मजल-दरमजल

लग्नसराईत आमच्या जालन्यात घरोघरी पत्रिका येऊन पडतात. तिथीच्या ओळीत 'शके अमुक' असं छापलेलं असतं आणि मुहूर्ताच्या जागी बऱ्याचदा 'गोरज'. लोक तारीख आणि कार्यालयाचं नाव पाहतात नि पत्रिका टीव्हीमागे खोचून ठेवतात. मी मात्र त्या दोन शब्दांपाशी थांबतो. गोरज म्हणजे सांजेला कळप घराकडे परतताना गाईंच्या खुरांनी उडालेली धूळ. शक हे तर एका भटक्या समाजाचं नाव आहे. मध्य आशियाच्या गवताळ मैदानात शिओंग्नूंनी युएचींना हुसकावलं, युएचींनी शकांना, आणि शक आपले घोडे नि कळप घेऊन सरकत सरकत सिंध, गुजरात, माळव्यात उतरले. शकांशी जोडलेल्या क्षहरात घराण्यातल्या नहपान राजाची सत्ता नाशिक, जुन्नर, कार्ल्यापर्यंत पोचली होती. गौतमीपुत्र सातकर्णीनं त्याचा पाडाव केला. १९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभीला नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या सुमारे नऊ हजारांवर गौतमीपुत्रानं आपला ठसा मारलेला होता. नाण्यांवर ठसा उठला, कालगणनेतून मात्र 'शक' गेला नाही. पुढे कधीतरी त्याच्यामागे 'शालिवाहन' लागलं, आणि अंबड तालुक्याला लागून असलेल्या पैठणचा राजा नि त्यानं हरवलेला शत्रू एकाच शब्दजोडीत नांदू लागले.

भटक्यांची मोहोर आपल्या पंचांगावर आहे. इतिहासाच्या पुस्तकात मात्र ते फक्त 'आक्रमण' या शीर्षकाखाली येतात. हे असं का, हा प्रश्न मला बरीच वर्षं छळतो आहे.

भटक्यांच्या राज्यांवरचं जगातलं सर्वांत गाजलेलं पुस्तक रने ग्रूसे या फ्रेंच इतिहासकाराचं. १८८५ साली जन्मलेला हा माणूस पॅरिसच्या सेर्न्युस्की या आशियाई कलेच्या संग्रहालयाचा प्रमुख होता. १९४६ साली तो फ्रेंच अकादमीत निवडला गेला आणि १९५२ साली वारला. ह्युएन त्संगच्या मागोमाग बौद्ध आशियातून फिरवून आणणारं त्याचं पुस्तक १९२९ चं, आणि 'स्तेपांचं साम्राज्य' १९३९ चं. अटिला, चंगीझखान, तैमूर हे त्याचे तीन खांब. चीनच्या सीमेपासून हंगेरीपर्यंतची गवताची एकच पट्टी त्यानं एका नजरेत आणली. चीन, इराण, भारत, रशिया यांचे वेगवेगळे लिहिलेले इतिहास त्या पट्टीवरून पाहिले की एकमेकांत गुंतलेले दिसतात. हे त्याचं मोठं काम आहे आणि मी ते ऋणभावनेनं वाचलं.

पण त्याची साधनं बहुतेक कोणाची? चिनी दरबारी बखरकारांची, इराणी मुन्शींची, बायझंटाइन पाद्र्यांची. म्हणजे तटबंदीच्या आत बसून बाहेरची धूळ पाहणाऱ्यांची. तटावरून भटका कधी दिसतो? घोड्यावर बसून वेशीशी आला की. उरलेली शंभर वर्षं तो मेंढ्या चारतो, लोकर विकतो, मीठ वाहतो, सोयरिकी जुळवतो, पाऊस पाहून वाट बदलतो, तेव्हा तटावर कोणी लिहीत बसत नाही. ग्रूसेच्या पुस्तकात म्हणूनच तुफानं खूप आणि ऋतू थोडे आहेत.

आपल्याकडचा दोष वेगळा नाही. वि. का. राजवाडे जन्मभर पायपीट करत राहिले. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' चे बावीस खंड त्या पायपिटीतून उभे राहिले. वाळवीच्या तोंडातून त्यांनी वाचवलेले कागद नसते तर आपण आज आंधळे असतो. पण त्यांना कागद मिळाले ते सरदारांच्या, कुलकर्ण्यांच्या, देशमुखांच्या वाड्यांत. मराठीत वाडा दोन प्रकारचा असतो. एक चिरेबंदी, ज्यात दप्तराचे रुमाल बांधून ठेवलेले असतात. दुसरा धनगराचा, जो संध्याकाळी पडतो आणि सकाळी उठतो. दुसऱ्या वाड्यात रुमाल नसतो. म्हणून त्या वाड्याचा इतिहासच नाही, असं आपण कधीच न बोलता ठरवून टाकलं.

हे ठरवणं ज्यानं मोडलं तो माणूस इतिहासाचा प्राध्यापक नव्हता. दामोदर धर्मानंद कोसंबी गणिती होते. जन्म गोव्यातल्या कोसबेंचा, ३१ जुलै १९०७ चा. वडील धर्मानंद पाली भाषेचे आणि बौद्ध धर्माचे थोर अभ्यासक. बुद्ध समजून घेण्यासाठी ते घर सोडून नेपाळ, सिंहल, ब्रह्मदेश हिंडलेले, पुढे हार्वर्डला आणि लेनिनग्राडला शिकवून आलेले. हिंडून शिकण्याची ही रीत मुलाकडे वारशानं आली असावी. दामोदर हार्वर्डला शिकले, १९२९ साली पदवी घेऊन परतले, बनारस, अलीगढ, मग फर्ग्युसन कॉलेजात शिकवलं. १९४५ पासून १९६२ पर्यंत ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. राहायचे पुण्यात, जायचे दख्खनच्या राणीनं. आहत नाण्यांची वजनं घेऊन, हातोहात फिरताना नाणं किती झिजतं याचं गणित मांडून त्यांनी नाण्यांच्या साठ्यांचा काळ लावायचा प्रयत्न केला. भर्तृहरीच्या शतकांची चिकित्सक आवृत्ती काढली. आणि सुट्टीच्या दिवशी काठी घेऊन पुण्याभोवतीच्या टेकड्या पालथ्या घातल्या.

या हिंडण्यातून त्यांना गारगोट्यांची बारीक पाती सापडली, हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांची. ती कुठे कुठे सापडतात हे पाहत गेल्यावर एक ओळ उमटू लागली. पाती सापडतात ती ठिकाणं, शेंदूर लावलेल्या तांदळ्यांची आणि मावलायांची ठाणी, बौद्ध लेणी आणि धनगरांच्या वर्षभराच्या वाटा, ही सारी एकमेकांच्या आसपास येत होती. पंढरीची पालखी जिथून जाते त्या वाटेचं मूळही शेतीच्या आधीच्या ऋतुमानाप्रमाणे होणाऱ्या स्थलांतरात असावं, असं त्यांनी सुचवलं. १९५६ चं 'भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची प्रस्तावना', १९६२ चं 'मिथक आणि वास्तव' आणि १९६५ चं प्राचीन भारताच्या संस्कृतीवरचं पुस्तक ही मूळ इंग्रजीतली तीन पुस्तकं वाचताना जाणवतं की या लेखकाच्या पायांना वाट माहीत आहे. २९ जून १९६६ ला पुण्यात झोपेतच ते गेले. वय एकोणसाठसुद्धा पूर्ण नव्हतं.

काळ्या मातीबद्दल त्यांनी जे लिहिलं ते आम्हा मराठवाड्याच्या लोकांना पटकन पटावं. ही चिकण जमीन लाकडी काठीनं उकरत नाही. तिला लोखंडी फाळ आणि बैलांच्या जोड्या लागतात. तोवर दख्खनच्या पठारावर राज्य चालायचं ते कळपांचं. नांगर मागून आला. गाव, पाटील, महसूल त्याच्याही मागून.

तरी कोसंबींशी माझं एका ठिकाणी जमत नाही. त्यांना धनगराच्या वाड्यात 'जिवंत प्रागितिहास' दिसला. त्यांचा हेतू आदराचा होता, तरी या दृष्टीनं समोरचा माणूस अवशेष होऊन जातो, लेण्यासारखा. आमच्या शेतात दर दोन-तीन वर्षांनी मेंढरं बसायची. फाल्गुनात रान मोकळं झालं की वडील निरोप धाडायचे. संध्याकाळी तट्टू यायचं, त्याच्या पाठीवर पाल, भांडी, वर पाय बांधलेल्या कोंबड्या, आणि एका बाजूच्या झोळीतून डोकावणारी दोन दिवसांची कोकरं. बाई तीन दगडांची चूल मांडायची, पुरुष जाळी ठोकायचे. रात्रभर चारशे-पाचशे मेंढरं एका तुकड्यावर बसत, दुसऱ्या रात्री जाळी पुढे सरके. मोबदला ठरवताना जी घासाघीस चाले ती ऐकण्यासारखी असे. किती रात्री, किती पायली ज्वारी, पाणी कोणाच्या विहिरीचं, कुत्र्याची भाकरी कोणाकडे. शेतकऱ्याला लेंडीखत हवं, मेंढपाळाला धान्य हवं. यात अवशेष कुठे आहे? पुढच्या पिकाचा हिशेब करणारी दोन माणसं समोरासमोर बसलेली आहेत. एकदा त्या म्हाताऱ्या मेंढपाळाला मी वाट विचारली. त्यानं गावांची नावं घेतलीच नाहीत. विहिरी सांगितल्या, नाले सांगितले, कोणत्या बांधावर बाभळी आहेत ते सांगितलं. मी शाळेत शिकलेला जिल्ह्याचा नकाशा त्या नकाशापुढे फार विरळ वाटला.

कोसंबींच्या नजरेतली ही उणीव भरून काढली ती एका जर्मन माणसानं. गुंथर सोंथायमर, १९३४ साली उल्म इथे जन्मलेला, मूळचा हिंदू कायद्याचा अभ्यासक. एकत्र कुटुंबाच्या कायद्याचा शोध घेत तो पुण्याला आला आणि धनगरांच्या ओव्यांत गुंतला तो कायमचा. हायडेलबर्गला शिकवायचा आणि पुन्हा पुन्हा इकडे यायचा. वाड्यावर बसून ओव्या ध्वनिमुद्रित करायचा. बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा यांच्यावरचा त्याचा जर्मन ग्रंथ १९७६ चा. अ‍ॅन फेल्डहाउस यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद १९८९ ला आला. १९९२ साली अठ्ठावन्नाव्या वर्षी तो गेला. त्यानं 'वन' आणि 'क्षेत्र' अशी जोडी मांडली. वन म्हणजे रान, कुरण, डोंगर. क्षेत्र म्हणजे नांगरलेली, मोजलेली, मंदिर नि राजा असलेली भूमी. महत्त्वाचं हे की त्याच्या मते एक संपून दुसरं येत नाही. दोन्ही शेजारी शेजारी राहतात, एकमेकांना देव देतात, बायका देतात, राजे देतात. खंडोबाच्या दोन बायका पाहा. म्हाळसा वाण्याची, बाणाई धनगराची. जेजुरीच्या एका गाभाऱ्यामागे ही सारी देवघेव उभी आहे. रा. चिं. ढेरे यांनी १९८४ साली 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' मध्ये पंढरीच्या विठोबाचं मूळ गवळी-धनगरांच्या देवात शोधलं, तेव्हा पुष्कळांना धक्का बसला. ज्यानं सोंथायमर वाचला त्याला बसायला नको होता.

ही नजर घेऊन आता आमच्या जिल्ह्याकडे पाहा.

भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन. सांचीच्या स्तूपाला दान देणाऱ्यांत इथले लोक आहेत. १९७३ साली नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी इथे उत्खनन केलं, आणि एका हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा तुकडा हाती आला. तिची बहीण शोभावी अशी मूर्ती इटलीत पाँपेईच्या राखेत सापडली आहे. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसनं ते शहर गाडलं, त्याआधीच ती तिथे पोचलेली होती. आम्ही हे अभिमानानं सांगतो, शहराचं वैभव म्हणून. पण केळनेच्या काठावरून समुद्रापर्यंत माल आपल्या पायांनी गेला नाही. घाटांतून बैलांच्या पाठीवर गोण्या लादून कोणीतरी तो उतरवला. त्यांच्या मुक्कामाचं उत्खनन होत नाही, कारण तीन दगडांची चूल दुसऱ्या दिवशी तीन दगड असते.

नोव्हेंबर १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी जालना लुटलं. आयुष्यातल्या त्यांच्या शेवटच्या मोठ्या मोहिमांतली ही एक. परतताना संगमनेराजवळ मोगलांनी गाठलं, सिधोजी निंबाळकर पडले, लूट आणि खुद्द महाराज संकटात आले. तेव्हा महाराजांचा हेर बहिर्जी यानं आडवाटेनं रात्रंदिवस चालवून सगळ्यांना पट्टा किल्ल्यावर सुखरूप नेलं. त्या दिवशी स्वराज्य वाचलं ते एका वाटेच्या माहितीवर.

त्यानंतर सव्वाशे वर्षांनी, २१ सप्टेंबर १८०३ ला बदनापूरला इंग्रज सेनानी आर्थर वेलस्ली आणि स्टीव्हन्सन भेटले आणि भोकरदनकडे दोन वाटांनी निघायचं ठरलं. २३ तारखेला असईला शिंदे-भोसल्यांची फौज अचानक समोर आली. नदी मध्ये. वाटाड्ये म्हणाले, उतार नाही. वेलस्लीनं दुर्बिणीतून पलीकडे पाहिलं, पिंपळगाव आणि वरूड ही दोन गावं दोन काठांवर समोरासमोर दिसली. गावं समोरासमोर आहेत म्हणजे माणसं जा-ये करत असणार, म्हणजे मध्ये उतार असणारच, असा त्यानं तर्क केला आणि तो खरा निघाला. त्याचे पंधराशेहून अधिक लोक मेले किंवा जखमी झाले, पण लढाई त्यानं जिंकली.

या लढाईतली एक गोष्ट शाळेत शिकवत नाहीत. मराठी फौजांचं वर्ष दसऱ्याला सुरू व्हायचं. पाऊस सरला, नद्या उतरल्या, रानात चारा झाला की सीमोल्लंघन, मग मुलुखगिरी, आणि मृगाच्या आत परत. पावसाळ्याच्या मुक्कामाला जुन्या पत्रांत 'छावणी' म्हणतात. धनगराचं वर्ष जवळपास याच सांध्यांवर वळतं. हा योगायोग नव्हे. घोड्याला आणि मेंढीला एकच गवत लागतं, आणि मल्हारराव होळकरांसारखा धनगराचा मुलगा ज्या फौजेत सुभेदार होतो, ती फौज कुरणाचं वेळापत्रक विसरेल कशी? वेलस्लीनं हे वेळापत्रक नीट अभ्यासलं होतं. भरलेल्या नद्या मराठी स्वारांना अडवतील म्हणून लढाई पावसाळ्यातच करावी, हे त्याचं मत आधीपासून पक्कं होतं. असई झाली तेव्हा दसरा यायचा होता. उलट शिंद्यांनी तोवर जड तोफा आणि कवायती पलटणी यांवर भिस्त ठेवली होती. माझ्या मते असईला हरली ती चालत्या युद्धाची परंपरा सोडून दिलेली फौज. आणि वेलस्लीच्या सैन्याचं धान्य कोण वाहत होतं? बंजाऱ्यांचे तांडे. शाहजहानच्या दख्खन स्वारीपासून हेच चाललेलं होतं. दोन्हीकडच्या फौजा त्यांना हात लावत नसत, कारण लदेणी थांबली तर उद्याची भाकरी थांबते.

कोणी म्हणेल, भटक्यांचं कौतुक पुरे. १२५८ मध्ये मंगोलांनी बगदादचं काय केलं? पेंढाऱ्यांनी आपल्याच गावांच्या कणगी फोडल्या नाहीत का? फोडल्या. ज्यांची घरं जळली त्यांचं दुःख खोटं म्हणायचा मला अधिकार नाही. पण लूट ही एका रात्रीची घटना आहे. गोणी वाहणं, खत बसवणं, मीठ पोचवणं हे शेकडो वर्षं रोज घडलेलं काम आहे. इतिहासानं रात्र लिहिली आणि रोजचं काम सोडून दिलं, माझी तक्रार एवढीच आहे. या सोडून देण्याचे परिणाम पुस्तकापुरते राहिले नाहीत. १९०० च्या सुमारास मनमाडहून जालन्यावरून हैदराबादकडे रेल्वे धावू लागली आणि बंजाऱ्यांच्या बैलांचं काम गेलं. ज्याच्याजवळ काम नाही पण पाय आहेत अशा माणसाला सरकारनं संशयित ठरवलं. त्याआधीच १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं मूल जन्मताच गुन्हेगार होऊ लागलं, हा कलंक कायद्यातून १९५२ साली गेला. लोकांच्या बोलण्यातून तो अजून पुरता गेलेला नाही.

आज जालना जिल्ह्यात इतिहासाची चर्चा जोरात आहे. हैदराबाद गॅझेटिअरच्या पानांच्या छायाप्रती गावोगाव फिरतात. कोणत्या जातीची नोंद कशी आहे यावर मोर्चे निघतात. मागण्यांच्या न्याय-अन्यायात मी इथे शिरत नाही. मला खुपतं ते हे, की शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी निजामाच्या अंमलदारांनी कचेरीत बसून भरलेला एक रकाना, हाच तांड्याचा आणि वाड्याचा सर्वांत मोठा पुरावा ठरतो आहे. आपण स्वतः काहीच लिहून ठेवलं नाही, म्हणून त्या रकान्याला एवढं वजन आलं.

आणि भटकंती संपलेलीही नाही. दसरा झाला की मंठा, परतूर, घनसावंगीच्या तांड्यांवर ऊसतोडीच्या मुकादमाचे ट्रक लागतात. उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. म्हातारी आणि शाळेतली पोरं मागे, किंवा पोरंही बरोबर, कारखान्याच्या कडेला कोपीत. मृगाच्या आत परत. सांधे तेच, दसरा आणि मृग. मुलुखगिरीला जाणारा स्वार आणि उसाला जाणारा कोयता एकाच पंचांगावर निघतात. फरक इतकाच की पूर्वीचा भटका आपला कळप घेऊन जायचा, आताचा दुसऱ्याचं कर्ज घेऊन जातो. 'छावणी' शब्दही पाहा कुठे आला. २०१२-१३ च्या दुष्काळात आमच्याकडे तो जनावरांच्या चारा छावणीचा झाला, आणि माणसं दावणीला बांधलेल्या बैलाशेजारी महिनोन्‌महिने पालात राहिली.

म्हणून माझं मागणं आहे. आमच्या महाविद्यालयांत इतिहासाचे विभाग आहेत, दरवर्षी शेकडो मुलं प्रकल्प करतात, आणि त्यांतले बरेच संदर्भग्रंथांतून उतरवलेले असतात. त्यांतली निम्मी मुलं तांड्यावरची, वाड्यावरची, कोयत्यावरची आहेत. त्यांना आपल्या आजीची ओवी, नायकाच्या घरची लदेणीची आठवण, आजोबाच्या मुक्कामांची यादी लिहून आणायला सांगा. कोसंबींकडे काठी होती, सोंथायमरकडे ध्वनिमुद्रणाचं यंत्र. या मुलांच्या खिशात मोबाईल आहे आणि भाषा घरचीच आहे.

आणि वाचकहो, अंबड रस्त्यावर पुढे मेंढरं आडवी आली, तर हॉर्न वाजवू नका. गाडी बाजूला घ्या, खाली उतरा आणि मागच्या म्हाताऱ्याला विचारा, काल मुक्काम कुठे होता, उद्या कुठे आहे. तो सांगेल ती विहिरींची नावं लिहून घ्या, खाली तारीख घाला.